बीजिंग, शीआन, शांघाय: नऊ दिवसांची चीन सहल कशी आखावी

आधी कॅलेंडरमधला सोमवार बघा. बीजिंगचा जुना राजवाडा, म्हणजे फॉरबिडन सिटी, सोमवारी बंद असतो, आणि चीनमधल्या इतर अनेक संग्रहालयांचीही हीच सुट्टी. म्हणून माझा आग्रह असा, की बीजिंगला मंगळवारी उतरावं. मंगळवार ते पुढचा बुधवार असे नऊ दिवस धरले, तर सहलीतला एकमेव सोमवार बरोबर शीआन ते शांघायच्या रेल्वेत जातो आणि एकही ठिकाण हुकत नाही.

शहरं तीनच ठेवा. बीजिंगला तीन रात्री, शीआनला तीन, शांघायला दोन. चेंगडूचे पांडा, ग्वेलिनचे डोंगर, हाँगकाँग हे सगळं खुणावतं, पण चौथं शहर घेतलं की सहलीतला एक अख्खा दिवस बॅगा भरण्यात आणि स्टेशनं गाठण्यात जातो. विमानाचं तिकीट जाताना बीजिंगचं आणि येताना शांघायचं काढा, म्हणजे उलटा प्रवास वाचतो. ऑक्टोबर २०२५ पासून भारत-चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली आहे. मात्र मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांनी बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँगमार्गे जाणाऱ्या विमानांचे दरही ताडून पाहावेत.

महिना एप्रिल, मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा, १ मेच्या आसपासचे दिवस आणि चिनी नववर्ष मात्र टाळाच. त्या काळात सगळा देश प्रवासाला निघालेला असतो.

तारखा ठरल्या की व्हिसा. चीनने बऱ्याच देशांच्या नागरिकांना व्हिसामाफी किंवा दहा दिवसांची ट्रान्झिट सवलत (तिसऱ्या देशात जाताना व्हिसाशिवाय मधला मुक्काम) दिली आहे आणि त्याचे व्हिडिओ पाहून आपले लोक गोंधळतात. भारतीय पासपोर्टला ती सवलत नाही, पर्यटक व्हिसा काढावाच लागतो. निदान दीड महिना आधी कामाला लागा आणि व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येतील अशीच हॉटेलं घ्या. हॉटेल परदेशी पाहुणे घेतं का, हेही आधी विचारा. परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडे नोंद करावी लागते आणि काही लहान हॉटेलं त्या फंदात पडत नाहीत.

पुढची तयारी घरी बसून करायची, आणि ती सगळी मोबाइलवर. चीनमध्ये रोख पैसे चालतात, पण रोजचा व्यवहार अलिपे आणि वीचॅटवर होतो. दोन्ही ॲप इथेच उतरवा, पासपोर्टने ओळख पटवा आणि आपलं Visa किंवा Mastercard कंपनीचं बँक कार्ड जोडा. त्या कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून सुरू केलेला आहे ना, हे तपासा. थोडे युआन रोखही जवळ असू द्या. गुगल, जीमेल, व्हॉट्सॲप तिथल्या इंटरनेटवर उघडत नाहीत. भारतातल्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग किंवा परदेशी ई-सिम घेतलं, तर ती अडचण येत नाही. हॉटेलच्या वायफायवर मात्र ती राहतेच, म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवा. हॉटेलांची नावं-पत्ते चिनी लिपीत मोबाइलवर साठवा. टॅक्सीवाल्याला इंग्रजी पत्ता दाखवून उपयोग होत नाही.

आता तिकिटं. फॉरबिडन सिटीची तिकिटं सात दिवस आधी ऑनलाइन खुली होतात, पासपोर्ट क्रमांकावरच मिळतात आणि गर्दीच्या दिवसांत भराभर संपतात. त्यामुळे निघण्याच्या आदल्या आठवड्यात एक गजर लावून ठेवा. तियानानमेन चौकात जायलाही वेगळी नोंदणी लागते. रेल्वेची तिकिटं पंधरा दिवस आधी मिळू लागतात. तुमचा पासपोर्ट हेच तिकीट. स्टेशनाचं नाव नीट वाचा: शीआनच्या बहुतेक वेगवान गाड्या बीजिंग पश्चिम स्थानकावरून सुटतात आणि शीआन उत्तरला पोहोचतात. सामानाची तपासणी असते, म्हणून तासभर आधी पोहोचा.

बीजिंगमध्ये बुधवारी राजवाडा. हा १४२० मध्ये पूर्ण झाला. दक्षिणेच्या दारातून आत, उत्तरेच्या दारातून बाहेर, आणि समोरचा रस्ता ओलांडून लगेच जिंगशान टेकडी चढायची. पिवळ्या कौलांचा अख्खा राजवाडा पायाशी दिसतो, तेव्हा आपण तीन-चार तास कशातून चाललो ते उमगतं. गुरुवारी चीनची भिंत. भिंतीच्या बादालिंग भागात गर्दी फार, मी मुतिआन्यूचा भाग सुचवेन. शहरापासून साधारण ७० किलोमीटर, आणि केबल कार असल्यामुळे आई-वडिलांनाही नेता येतं. शुक्रवारी सकाळी स्वर्गमंदिर. लवकर गेलात तर बागेत व्यायाम करणारे, पत्ते खेळणारे, कोरसमध्ये गाणारे आजी-आजोबा भेटतात. दुपारची गाडी पकडून साडेचार ते सहा तासांत शीआन.

वेळ कमी पडला की लोक पहिल्यांदा शीआन गाळतात. कृपा करून गाळू नका. शनिवारी उघडायच्या वेळेलाच मातीच्या सैनिकांकडे (टेराकोटा आर्मी, चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेले पुतळे) जा, शहरापासून ४० किलोमीटरवर. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना हे सैन्य सापडलं. तिथे तीन मोठे खड्डे आहेत. आधी तिसरा, मग दुसरा आणि शेवटी पहिला, सगळ्यांत मोठा, असा क्रम ठेवा. उलट गेलात तर बाकीचे दोन फिके वाटतात.

रविवार मराठी माणसाने राखून ठेवावा तो मोठ्या हंस पॅगोडासाठी. शाळेच्या इतिहासात वाचलेला युआन श्वांग भारतातून ६४५ मध्ये परतला तो याच शहरात, तेव्हाच्या चांगआनला. त्याने आणलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला गेला. याच भिक्षूने महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचं वर्णन लिहून ठेवलं. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं त्याचं निरीक्षण. त्याने वर्णिलेला डोंगरातला विहार म्हणजे अजिंठा, असं अभ्यासक मानतात. पॅगोडासमोरच्या चौकात त्याचा पुतळा आहे. तिथे उभं राहिलं की आपल्या गावाकडून आलेल्या माणसाला भेटल्यासारखं होतं. संध्याकाळी शहराच्या तटबंदीवर भाड्याची सायकल घ्या. पूर्ण फेरी जवळपास १४ किलोमीटरची.

सोमवारी सहा-सात तासांची गाडी, आणि दिवे लागणीला शांघायच्या ‘बंड’ या नदीकाठच्या रस्त्यावर. नदीवरच्या क्रूझला पैसे घालवू नका. ह्वांगपू ओलांडणारी साधी फेरीबोट दोन युआनमध्ये तेच दृश्य दाखवते. मंगळवारी सकाळी युयुआन बाग, दुपारी जुन्या फ्रेंच वसाहतीतल्या झाडांखालच्या गल्ल्या, आणि उरलं तर ६३२ मीटर उंच शांघाय टॉवर.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पण बेसावधही राहू नये. भाजीतही मांसाचा कीस किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो. ‘मी मांस, मासे, अंडी खात नाही’ हे वाक्य चिनीत मोबाइलवर ठेवा आणि प्रत्येक वेळी दाखवा. बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी उपाहारगृहं शोधा. त्यांच्या पारंपरिक स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, पण कंदमुळं असू शकतात, म्हणून जैन मंडळींनी तिथेही विचारूनच जेवावं. रेल्वेत, स्टेशनवर उकळतं पाणी फुकट मिळतं, म्हणून झाकणाचा डबा, तयार पोहे-उपम्याची पाकिटं आणि चहाची पूड बॅगेत टाका.

पॉवर बँक मात्र पाहून घ्या. जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत तिथलं ‘थ्री-सी’ (3C) हे सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. शीआन ते शांघाय विमानाने जायचं ठरवलंत, तर ती सुरक्षा तपासणीतच ठेवून यावी लागेल.