वर्तुळ दिसलं, पण ते कशामुळे?

घरी बनवलेल्या चीजमधले लॅक्टिक आम्ल जिवाणू रोगजंतूंना रोखतात का, हे तपासायची माझी पद्धत सांगते. ही प्रयोगशाळेतच करायची, स्वयंपाकघरात जंतू वाढवायचे नाहीत.

चीजच्या आतल्या भागातले 10 ग्रॅम घ्या आणि 90 मिलि निर्जंतुक 2% सोडियम सायट्रेटमध्ये घुसळा. सायट्रेटमुळे केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, सुटं होऊन विरघळतं. साध्या सलाइनमध्ये गुठळ्या राहतात आणि जिवाणू त्यांतच अडकतात. दहा-दहा पटीने विरळ करत एमआरएस अगारवर (या जिवाणूंसाठीच्या घट्ट पोषक माध्यमावर) पसरा, 30 अंशांवर 48 ते 72 तास, शक्यतो ऑक्सिजनविरहित जारमध्ये. लॅक्टोकोकस हवे असतील तर एम17 माध्यम बरं. उगवलेल्या कॉलनी (जिवाणूंचे ठिपके) शुद्ध करून घ्या. ग्रॅम रंगचाचणीत पॉझिटिव्ह असलेल्या आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबाने बुडबुडे न येणाऱ्या तेवढ्याच पुढे न्या.

त्या कॉलनी एमआरएस ब्रॉथमध्ये (त्याच माध्यमाच्या द्रव रूपात) रात्रभर वाढवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा द्रव 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. तपासणीला लिस्टेरिया मोनोसायटोजीनस या रोगजंतूऐवजी तिची निरुपद्रवी भावंड लिस्टेरिया इनोक्युआ वापरा. ती मिसळलेल्या अगारमध्ये 6 मिमीचे खड्डे पाडून प्रत्येकात 50 मायक्रोलिटर द्रव सोडा. प्लेट दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे जंतू वाढण्याआधी द्रव पसरतो, मग इनक्युबेटरमध्ये.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यांभोवती जंतू न वाढलेली स्वच्छ वर्तुळं दिसतात, आणि इथेच थांबा. माझ्या पहिल्या खेपेला अकरा नमुन्यांनी सुंदर वर्तुळं दिली. द्रवाचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने 6.5 वर आणला, तेव्हा दोनच उरली. बाकीचं सगळं काम आम्लाचं होतं. एमआरएसमध्ये 2% ग्लुकोज असतं, त्यामुळे हे जिवाणू पीएच सहज 4 च्या आसपास नेतात.

म्हणून प्रत्येक नमुन्याचे चार खड्डे करते: जसाच्या तसा, पीएच 6.5 केलेला, तोच कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घातलेला, आणि तोच प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) घातलेला. कॅटालेजने वर्तुळ गेलं तर कारण हायड्रोजन पेरॉक्साइड. कॅटालेजने टिकलं आणि प्रोटिनेजने गेलं, तर नायसिनसारखं प्रथिनरूप बॅक्टेरिओसिन, म्हणजे एका जिवाणूने दुसऱ्यांना मारायला बनवलेला पदार्थ, असण्याची शक्यता दाट. पाचव्या खड्ड्यात जिवाणू न वाढवलेला एमआरएस, लॅक्टिक आम्लाने जसाच्या तसा ठेवलेल्या नमुन्याच्या पीएचला आणलेला. हा खड्डा कधीही वगळू नका. माध्यमातलं सोडियम अ‍ॅसिटेटसुद्धा जंतूंना अडवतं.

ई. कोलायवर वर्तुळ आलं तर जास्तच सावध राहा. तिच्या बाह्य आवरणातून बॅक्टेरिओसिन सहसा आत जात नाही, आम्ल मात्र जातं.

आम्लाने वर्तुळ देणारे नऊ नमुने मी टाकून दिले नाहीत. चीजमध्ये प्रत्यक्ष राखण मुख्यतः आम्लच करतं: विघटन न झालेले लॅक्टिक आम्लाचे रेणू पेशीत शिरतात आणि आतला पीएच पाडतात. ते नऊही नमुने 20% ग्लिसरॉलमध्ये, उणे 80 अंशांवर, उरलेल्या दोघांच्या शेजारीच ठेवले आहेत.