गाळाची ट्रॉली वावरात रिकामी करण्याआधी

एसटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा) वाळलेला गाळ खत म्हणून फुकटात मिळतोय म्हणून लगेच ट्रॉली सांगू नका. आधी विचारा, त्या प्लांटला फक्त घरांचं सांडपाणी येतं, की प्लेटिंग (धातूचा मुलामा), बॅटरी, रंगाची कामं करणारेही जड धातूंचं पाणी त्याच गटारात सोडतात? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथेच थांबा. कारखान्याच्या ईटीपीचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सांडपाणी प्लांटचा, रासायनिक गाळ तर घातक कचऱ्यात मोडतो. त्याची वाट बुटीबोरीच्या घातक कचरा प्रकल्पाकडे जाते, वावराकडे नाही.

मग नमुना. इथे वेळ द्या, कारण नमुना चुकला तर रिपोर्टला अर्थ नाही. ढिगाच्या आठ-दहा जागांहून, वरचा आणि आतला, प्लास्टिकच्या स्कूपने घ्या; स्टीलच्या अवजारातून क्रोमियम-निकेल नमुन्यात उतरू शकतं. सगळं कालवून चार वाटे करा, समोरासमोरचे दोन ठेवा, असं किलोभर उरेपर्यंत. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची बघा आणि आकडे कोरड्या वजनावर मागा. गाळात 80 टक्के पाणी असेल तर ओल्या वजनावरचं कॅडमियम (विषारी जड धातू) पाचपट कमी दिसतं, आणि गाळ देणारा नेमका तोच कागद दाखवतो. ताडून पाहायला 2016 च्या घनकचरा नियमांतल्या कंपोस्टच्या मर्यादा धरा: किलोमागे कॅडमियम 5 मिलिग्रॅम, शिसं 100, क्रोमियम आणि निकेल 50-50, आर्सेनिक 10, पारा 0.15.

नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात जंतू बरेच कमी होतात, धातू नाही. कंपोस्ट केलं तर सेंद्रिय भाग घटून धातूचं प्रमाण उलट वाढतं.

मातीचाही पीएच (आम्ल-विम्लता) काढून ठेवा. आपली चुनखडीची काळी जमीन कॅडमियम बऱ्यापैकी धरून ठेवते, पण तेवढ्या भरवशावर पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) लावू नका. पालेभाज्या ते ओढून घेतात. कॅडमियम बरोबर मर्यादेइतकं असलेला गाळ एकरी चार टन, कोरडा, टाकला तरी 20 ग्रॅम कॅडमियम वावरात येतं आणि दर वेळी साठत जातं. म्हणून कुठल्या गटात, कधी, किती टाकला ते वहीत लिहा.

हातमोजे, गमबूट, ताडपत्री लागेलच. ढीग विहीर-नाल्यापासून लांब ठेवा आणि मृगाच्या आधी उचला. रिपोर्ट नापास झाला आणि कुणी 'मातीत कालवा, प्रमाण उतरेल' म्हणालं, तर ट्रॉली धुऱ्यावरूनच परत पाठवा.