हुकूमशहाची पावलं तारखांवरून कशी ओळखावीत

सोलापूरच्या चार हुतात्मा चौकात बसून मी नातवाला सांगते: बाळा, हुकूमशहा दार फोडूनच येतो असं नाही. वहीत तारखा लिही. 30 जानेवारी 1933, जर्मनीत हिटलर रीतसर चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख झाला. 27 फेब्रुवारीला संसदेची इमारत पेटली. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम, भाषण-सभा-वृत्तपत्रांवर बंधनं. 23 मार्चला संसदेनंच कायदे करण्याचा हक्क त्याच्या सरकारला दिला, 444 विरुद्ध 94 मतांनी. कम्युनिस्ट खासदार तोवर कैदेत नाहीतर भूमिगत. 14 जुलैपासून हिटलरच्या नाझी पक्षाखेरीज दुसरा पक्ष काढणं गुन्हा.

आता प्रत्येक तारखेपुढं तीन रकाने आख: भीती कशाची दाखवली, आधी गप्प कुणाला केलं, सही कुणाची. तिसऱ्यावर जास्त वेळ घालव. तिथं राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग पुन्हा पुन्हा येतो. मग आपल्या सोलापूरच्या 1930 च्या मार्शल लॉचं, म्हणजे लष्करी अमलाचं पान काढ. राज्य परक्यांचं होतं, तरी तेच रकाने भर.