तिसऱ्या घंटेपासून मागे मोजत या

सांगली-मिरजेत कार्यक्रम करायचा म्हटलं की मंडळी आधी कलाकाराला फोन लावतात, मग तारीख बघतात आणि नाट्यगृहाचं शेवटी. नेमकं उलटं करा. भावे नाट्यमंदिर, दीनानाथ की मिरजेचं बालगंधर्व हे ठरून पावती हातात पडेपर्यंत कुणालाही नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, कबूल करू नका.

तारखेचं म्हणाल, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाव्यांच्या नावाचं नाट्यगृह मागण्यात अर्थ नाही. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभं केलं आणि त्यांच्या नावाचं गौरवपदकही याच दिवशी या नाट्यमंदिरात दिलं जातं. त्याच सुमारास राज्य नाट्य स्पर्धेची फेरी लागली की ओळीने संध्याकाळी अडकतात. डिसेंबर-जानेवारी शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगचे. जुलै-ऑगस्ट मोकळे मिळतात, ते का मिळतात हे सांगलीकराला सांगायला नको. कृष्णेचा पूर. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. या दोन महिन्यांत कार्यक्रम घेणार असाल तर तारीख पुढे ढकलण्याची अट करारातच घाला, आणि भाड्याचं साऊंड-लाइट आदल्या रात्री तळमजल्यावर उतरवून ठेवू नका.

आता खरं काम. नाट्यगृह सत्रावर मिळतं: सकाळ, दुपार, रात्र. नऊचा प्रयोग म्हणून रात्रीचं सत्र घेतलं, की आयोजक निर्धास्त. पण तिसऱ्या घंटेपासून, म्हणजे पडदा उघडतानाच्या घंटेपासून, मागे मोजत या. नऊला घंटा व्हायची तर साडेआठला दारं उघडायला हवीत. त्याआधी आठपर्यंत लाइट लागून फोकस झालेला हवा आणि माईकची चाचणी उरकलेली हवी. नेपथ्य उभं राहिल्याशिवाय लाइटवाला शिडी लावत नाही, म्हणजे सेट साडेसहापर्यंत उभा पाहिजे. सेट जड असेल तर टेम्पो तीनलाच मागच्या दाराशी लागायला हवा, आणि त्या वेळी आत कुठल्या तरी शाळेचं स्नेहसंमेलन रंगात आलेलं असतं! म्हणून बुकिंग करताना व्यवस्थापकांना दोन प्रश्न विचाराच: दुपारच्या सत्रात कोण आहे, आणि सामान आत घ्यायला किती वाजता देता? उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ दोन्ही सत्रं घ्या. दुसऱ्या सत्राचं भाडं जास्त वाटतं, पण ताटकळलेल्या प्रेक्षकांपुढे अर्ध्या लाइटवर पडदा उघडण्यापेक्षा ते परवडतं.

नाटक कंपनीच्या बॅकस्टेजवाल्यांना रंगमंचाची रुंदी, खोली आणि मागच्या दाराची उंची आधीच कळवा. मापं टेप लावून स्वतः घ्या, कारण नाट्यगृहाच्या माहितीपत्रकात विंगांची, म्हणजे रंगमंचाच्या दोन्ही कडांची, जागाही अनेकदा रंगमंचातच धरलेली असते. फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची उभी चौकट, दारातून आत आला नाही तर तो तिथेच कापायची वेळ येते.

विजेचा हिशेब साधा आहे, तरी बहुतेकजण तो करत नाहीत. हजार वॉटचे २० दिवे म्हणजे २० किलोवॉट. त्याला जनरेटर किमान २५ केव्हीएचा लागतो, त्यात साऊंड आणि एसी धरलेला नाही. एलईडी असतील तर भार कितीतरी कमी होतो, म्हणून आधी लाइटवाल्याची यादी मागवा. डिमर (दिवे मंद-प्रखर करणारं यंत्र) आणि साऊंड एकाच फेजवर देऊ नका; दिवा मंद केला की स्पीकरमधून जी घुरघुर येते, ती बहुतेकदा तिथूनच येते. जनरेटर ‘आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. समोर चालू करून घ्या, डिझेल बघा आणि चालवणारा माणूस रात्री जेवायला घरी जाणार नाही याची खातरजमा करा.

गाण्याची मैफल असेल तर हे सगळं निम्म्यावर येतं, पण एसीच्या झोताकडे लक्ष द्या. तो थेट तानपुऱ्यांवर आला की सुरात लावलेला तानपुरा मध्यंतरापर्यंत बेसूर होतो. आपल्याकडे निदान एवढं सुख आहे, की तंतुवाद्यं दुरुस्त करणारे हात मिरजेतच आहेत.

परवानग्यांचं थोडक्यात. नाटक हौशी असलं तरी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं. व्यावसायिक कंपनीकडे ते असतंच, तुम्ही फक्त प्रत मागून घ्या. ऑर्केस्ट्रा असेल तर आयपीआरएसचा, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा, परवाना बघा. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, म्हणून दर ठरवताना ५२० वगैरे आकड्यांच्या मोहात पडू नका. मैदानात कार्यक्रम असेल तर रात्री दहाला स्पीकर बंद. बारापर्यंतची सवलत वर्षातल्या ठरावीक जाहीर दिवसांपुरतीच असते. शिवाय दवाखाना, शाळा किंवा कोर्टापासून शंभर मीटरच्या आत असाल तर जागाच बदला.

आगीच्या बाबतीत मी जरा कडक आहे, हे कबूल. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी नाटकवाल्यांना घरातलं कुणी गेल्यासारखं झालं. नाट्यगृहाकडे आग सुरक्षेचं प्रपत्र ‘ब’ असतं. ते दरवर्षी जानेवारी आणि जुलैत सादर करायचं असतं. ताजं आहे का, हे विचारायला लाजू नका. प्रयोगाच्या दिवशी बाहेर पडायचं प्रत्येक दार स्वतः ढकलून बघा. फुकटे आत शिरतात म्हणून त्या दारांना साखळी घालायची पद्धत अजून आहे. साखळी काढून तिथे माणूस उभा करा. आणि हाऊसफुल्ल झालं की वाटेत जादा खुर्च्या टाकण्याचा आग्रह होतो, तो बहुधा एखाद्या मान्यवरांसाठीच असतो. नाही म्हणा. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १९९७ साली ५९ माणसं गेली. तिथे बाल्कनीत वाट अडवून जादा खुर्च्या बसवलेल्या होत्या.

प्लॅन, म्हणजे तिकीटविक्रीचा खुर्च्यांचा नकाशा, उघडण्याआधी पहिल्या दोन रांगांतल्या किती खुर्च्या राखीव ठेवायच्या ते एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. भांडणं नंतर इथेच होतात. मोडक्या खुर्च्या प्लॅनवर खोडून टाका. मध्यंतराच्या वड्यांची ऑर्डर द्या, पण त्याआधी बायकांच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का आणि कडी लागते का ते बघा, आणि तिथे प्रयोगभर एक बाई थांबेल असं ठरवून घ्या. मध्यंतर पंधरा मिनिटांचं पंचवीस होतं ते वड्यामुळे नव्हे, या रांगेमुळे.

पडदा पडल्यावर सत्कार आटोपता घ्या, सेट सोडवणारे विंगेत उभे असतात. टेम्पो भरला की रंगपटात, म्हणजे मेकअपच्या खोलीत, एक फेरी मारा, चार्जर आणि विग हमखास राहतात. विजेच्या मीटरचा आकडा यायच्या वेळी जसा फोटोत घेतलात तसाच जातानाही घ्या, व्यवस्थापकांसमोर खुर्च्या-पडदे दाखवा आणि डिपॉझिट परत मिळण्याची तारीख पावतीवरच लिहून घ्या.