कोमेजलेल्या वांग्याला पाणी घालू नका

दिवाळी उलटली की मला ठरलेले फोन येतात. "काका, काल वांगी टवटवीत होती, आज दुपारी मान टाकली. पाणी दुप्पट केलं तरी उठत नाहीत." एवढं पाणी घातल्यावर उठणार कुठून, असं ओठांवर येतं. गिळतो.

गोव्याच्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हा बहुतेक वेळा जिवाणूंमुळे होणारा मर रोग असतो. पानं पिवळी न पडता झाड हिरवंच्या हिरवं लुळं पडतं. सुरुवातीला रात्री सावरल्यासारखं दिसतं, मग तेही थांबतं. खात्री करायची तर जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापा, काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात त्याचं एक टोक बुडवून न हलवता धरा. थोड्याच मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरले तर ते झाड गेलं म्हणून समजा.

डिचोलीत नवी बाग केली तेव्हा मी आगशीच्या वांग्याची साठ रोपं लावली होती. पहिली तीन कोमेजल्यावर पाटाने भरपूर पाणी सोडलं. मर म्हणजे बुरशी, असं बी-औषधांच्या दुकानदाराचं सोपं गणित. त्याने बुरशीनाशक दिलं, मी घातलं. मेलेल्या रोपांच्या जागी त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावली आणि तीच कुदळ खांद्यावर टाकून टोमॅटोच्या वाफ्यात गेलो. पाट उताराचा. महिन्याभरात वांगी संपली, खालचे टोमॅटो संपले, त्याखालच्या मिरच्याही. शेजारची काकी मेरेवर उभी राहून रोज बघायची. शेवटी न राहवून म्हणाली, "रे, थंयच परत कित्याक लायता?" (तिथेच परत कशाला लावतोस?) साठ रोपं गेल्यावर मला तो प्रश्न कळला.

आता माझा रिवाज ठरलेला आहे. कोमेजलेलं रोप मुळांसकट उपटून जाळायचं, शेणखताच्या खड्ड्यात कधीच टाकायचं नाही. कुदळ धुवायची. पाणी त्या वाफ्यातून पुढे जाऊ द्यायचं नाही. तिथे निदान तीन वर्षं वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा यांपैकी काही नाही. मका घ्यायचा किंवा अळसांदे (चवळी). उन्हाळ्यात मातीला चुना. एवढा धीर नसेल त्याने रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं आणावीत, नाहीतर कुंडीत नव्या मातीत लावावं. "एखादं औषध सांगा ना" म्हणणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरी माझी नावडती चूक कुळागरातली, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेतली. पोफळीची कोवळी सुपारी गळायला लागली की लोक बोर्डोसाठी, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणासाठी, धावतात. ही गळ पावसाळ्यातल्या कोळेरोगाची; त्याची पहिली फवारणी पाऊस धरण्याआधी व्हायला हवी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून. सडा पडल्यावर मारलेलं औषध मनाच्या समाधानापुरतं. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करायचं. लोखंडी किंवा पत्र्याची बादली नको. मी तयार मिश्रणात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवतो. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. "कालचं उरलंय, आज मारू का?" हा प्रश्न मला दर जूनमध्ये येतो. नका मारू.

माडाजवळ शेणाचा ढीग ठेवू नका. गेंडा भुंग्याच्या अळ्या त्यातच वाढतात आणि मग नवं झावळं कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखं बाहेर येतं. लहान माडाच्या वरच्या झावळांच्या बेचक्यांत मी दर दीड महिन्याने तीन डांबरगोळ्या वाळूने झाकून ठेवतो.

मानकुराद आंबा मोहरत नाही म्हणून ऑक्टोबरपासून पाणी देणारे भेटतात. पाण्याने पालवी फुटते, मोहर नाही. फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत नळी गुंडाळून ठेवा. बोगनवेलीचंही तेच: खत-पाणी कमी, ऊन जास्त.

चतुर्थीच्या माटोळीसाठी (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांच्या सजावटीसाठी) हौसेने लावलेल्या दोडक्याची, काकडीची कोवळी फळं पिवळी पडून गळतात. फळावर डंख दिसला तर फळमाशी, तेव्हा पुढची फळं कागदी पिशवीत बांधा आणि गळलेली वेचून नष्ट करा. डंख नसेल तर परागीकरण झालेलं नाही. काकडीचं सकाळी लवकर, दोडक्याचं संध्याकाळी फुलं उमलल्यावर, नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच घासा. पावसाची झड लागली की मधमाश्या घरीच बसतात, हे काम आपल्यालाच करावं लागतं.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आले तर आधी खोडावर मुंग्या चढतायत का बघा. त्या असेपर्यंत ढेकूण परत येतच राहतात. मग साबणाचं पातळ पाणी, पानांच्या खालच्या बाजूने, संध्याकाळी. भर दुपारी फवारून पानं करपवलीत तर मला फोन करू नका.