ग्राइंडर मधेच बंद पडतो, मागून ठिणग्या येतात (माझा अनुभव)

सांगलीत आमचं ग्रिल-गेटचं फॅब्रिकेशन आहे. चार इंची ग्राइंडर चालता चालता बंद पडायचा, टपली मारली की परत सुरू, आणि मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्या. वायर बदलली, स्विच बदलला, कार्बनपण (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून करंट पोचवणारे छोटे ठोकळे) नवे टाकले तरी तेच, डोकं उठलं नुसतं. दोष निघाला कार्बनच्या खाचेत, लोखंडाची भुकटी साचून कार्बन आत अडकायचा, आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाला, नीट टेकायचाच नाही.

आधी प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. दोन्ही कार्बन काढून खाच कोरड्या ब्रशने साफ करा, कार्बन खाचेत अजिबात न अडकता सरकला पाहिजे. आर्मेचरचा तांब्याचा भाग काळा पडला असेल तर 600 नंबरचा पॉलिश पेपर हलकाच फिरवा, मग चष्मा लावून भुकटी हवेने उडवा. कार्बन झिजला असेल तर जोडीच बदला. गार्ड लावून थोडा वेळ मोकळा चालवा आणि मगच लोखंडाला टेकवा.