मोंबासा: भुसावळकरानं कसं फिरावं

केनियातल्या मोंबासाला जाऊन आलेले आपल्याकडचे बहुतेक लोक दोनच गोष्टी सांगतात: हॉटेलसमोरचा समुद्र आणि सफारीतला हत्ती. मधलं गाव त्यांनी बघितलेलंच नसतं. मी भुसावळला रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालो, मुलगी-जावई तिकडे असतात, त्यामुळे आमचं जाणं-येणं असतं. कॉलनीत कुणी निघालं की संध्याकाळी माझ्याकडे चौकशीला येऊन बसतं. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय. आणि पहिलं सांगणं हेच, की तिथला दिवस ऊन आणि भरती-ओहोटी बघून लावायचा.

निघण्याआधी दोन कामं. केनियाची ऑनलाइन प्रवास-परवानगी काढा, आणि पिवळ्या तापाची लस घ्या. लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परत आल्यावर आपलेच लोक विमानतळावर अडवतात आणि सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. हिवतापाच्या गोळ्यांचं आपल्या डॉक्टरला विचारा, शेजाऱ्याला नाही.

आता सामान. आपल्याकडची रीत म्हणजे शेव एका कॅरीबॅगेत, ठेचा दुसरीत, आणि दोन्ही तिसरीत. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि ती नावापुरती नाही. विमानतळावर पिशवी काढून ठेवायला लावतात. म्हणून स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या. कळण्याचं पीठ, मेतकूट, लाल तिखट घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. भरताची वांगी, केळी, बियाणं असलं काही नेऊ नका. लेक कितीही म्हणाली तरी. तिकडच्या सॉकेटला चौकोनी तीन दांड्यांचा प्लग लागतो, तो मुंबईतच घ्या.

मुंबईहून नैरोबीला सहाएक तासांचं विमान. तिथून मोंबासाला दुसरं विमान मिळतं, पण ते पकडू नका. रेल्वेनं जा. हे मी रेल्वेवाला म्हणून सांगत नाही. बरं, थोडं म्हणूनही सांगतो. २०१७ साली सुरू झालेली ही नवी गाडी पाच-सहा तासांत पोचवते. तिकीट आधीच काढावं लागतं, आणि स्टेशनवर तासभर आधी पोचायला हवं, कारण सगळ्यांच्या बॅगा जमिनीवर ओळीनं मांडून कुत्र्याकडून हुंगवून घेतात. तो कार्यक्रम शांतपणे होऊ द्या. रूळ आपल्यापेक्षा अरुंद: आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, त्यांचा १,४३५. गाडी त्सावोच्या जंगलातून जाते, तेव्हा मोबाइल ठेवून बाहेर बघा. तांबड्या मातीत लोळून तांबडे झालेले हत्ती डब्यातून दिसतात.

या गाडीच्या आधीची जुनी मीटरगेज १८९६ साली मोंबासाहूनच टाकायला घेतली आणि १९०१ साली ती व्हिक्टोरिया सरोवराला भिडली. टाकली कुणी? हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांनी. त्यातले जवळजवळ २,५०० तिकडेच मेले. त्सावोच्या पुलाचं काम चालू असताना, १८९८ साली, दोन सिंह तंबूंतून माणसं ओढून न्यायचे. त्सावो आलं की आमची मंडळी अजून हात जोडते.

मोंबासाचं ऊन फसवं आहे. आपण पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत वाढलेली माणसं, तिथले बत्तीस बघून हसतो. पण आपलं ऊन कोरडं. तिथं घाम वाळतच नाही, आणि अकरा वाजता माणूस ओल्या गोधडीसारखा जड होतो. म्हणून गाव सकाळी बघायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी पुन्हा निघायचं. एप्रिल-मे पावसाचे, ते टाळा.

वेळ ठरवताना एक सांभाळा. स्वाहिली बोलणारे लोक तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, नऊ म्हणजे तीन. हॉटेलात, स्टेशनात आपलंच घड्याळ चालतं, पण टुकटुकवाल्यानं स्वाहिलीत वेळ सांगितली तर सहा तास मिळवून बघा, किंवा मोबाइलवर आकडा दाखवा. टुकटुक म्हणजे आपली रिक्षाच. भाडं बसण्याआधी ठरवायचं, हेही आपल्यासारखंच.

सकाळी आठला फोर्ट जीझस उघडतो, तेव्हा दारात हजर असा. पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ मध्ये प्रवाळाच्या दगडात बांधलेला हा किल्ला २०११ साली जागतिक वारसा यादीत गेला. वाटाड्या दारातच भेटतो. घेतला तर पैसे आधी बोला. तटावरच्या तोफा, ओमानी घर हे सगळं तो दाखवेलच, पण संग्रहालयात तुम्ही स्वतः एक गोष्ट शोधा: सांतो आंतोनियो द तान्ना या जहाजातून निघालेल्या वस्तू. १६९६ साली ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला, तो १६९८ च्या डिसेंबरपर्यंत चालला. अडकलेल्या पोर्तुगीजांच्या मदतीला आलेलं हे जहाज १६९७ मध्ये तटाखालीच बुडालं. १९७७ ते १९८० या काळात पाणबुड्यांनी त्यातलं सामान वर काढलं. आता गंमत बघा, हे जहाज बांधलं होतं आपल्या वसईला. चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतली तीच वसई. मोंबासाच्या तटावर उभं राहून वसईचे बुरूज आठवतात ते उगाच नाही, मालक एकच होता. माझ्या मते या एका दालनासाठी अर्धा तास जादा ठेवावा. मुलं कंटाळली तर बाहेर तोफेवर बसवा.

किल्ल्यातून निघालं की लागूनच जुनं गाव. एनदिया कू नावाच्या रस्त्यानं चालत सुटा, नकाशाची गरज नाही. कोरीव दारं, पुढे आलेले लाकडी सज्जे, गल्लीच्या टोकाला मधूनच समुद्र. मांढ्री मशीद इथं सर्वांत जुनी समजतात, १५७० ची. वस्ती मुसलमानांची आहे, तेव्हा खांदे-गुडघे झाकलेले असावेत, माणसांचे फोटो विचारून काढावेत. शुक्रवारी दुपारी दुकानं बंद मिळतात. रमजानमध्ये दिवसा खाण्याचे हाल, पण रात्री गल्ल्या जाग्या असतात.

नाश्ता इथंच करा: महामरी आणि म्बाझी. महामरी म्हणजे वेलची घातलेली, फुगलेली गोडसर तळणी. म्बाझी म्हणजे आपली तूर, अख्खी, नारळाच्या दुधात शिजवलेली. आयुष्यभर तुरीचं वरण खाल्लेल्या माणसाला पहिल्या घासाला ती गोड वाटते, दुसऱ्या घासाला डब्यातलं तिखट आठवतं. मी सरळ वरून घालतो. शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये. चपाती, भजी, समोसा, चहा सगळीकडे आहे, आणि गुजराती लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे शुद्ध शाकाहारी खानावळीही सापडतात. जैनांचं संगमरवरी देरासरही गावातच आहे.

मोई अव्हेन्यू या रस्त्यावर कमानीसारखे उभारलेले ते प्रसिद्ध हस्तिदंत ॲल्युमिनियमचे आहेत. फोटो काढा, पुढे चला.

संध्याकाळी लाइटहाउसला जा. मामा एनगिना रस्त्याच्या कडेला गोरखचिंचेचे जुने वृक्ष आहेत, समोरून किलिंदिनी बंदरात शिरणारी जहाजं इतक्या जवळून जातात की डेकवरची माणसं दिसतात. निखाऱ्यावर भाजलेला कसावा लिंबू-तिखट लावून देतात, शहाळी मिळतात. हा कसावा आपल्या जिभेला पटतो. सूर्य समुद्रात बुडताना बघायचा हट्ट मात्र सोडा. इथला किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्य उगवताना बघायचा, सहाच्या सुमारास, वर्षभर.

आता तुमचा तो समुद्र. उत्तरेला न्याली आणि बांबुरी, दक्षिणेला डियानी. भरती-ओहोटीत पाणी तीन-चार मीटर वर-खाली होतं. ओहोटीला ते इतकं मागे जातं की पोहायला आलेला माणूस दगडांतून चालत राहतो. पोहायचं भरतीला. ओहोटीला रबरी बूट घालून डबक्यांतले खेकडे-मासे बघायचे, कारण पायाखाली काळे काटेरी सागरी साळू असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हा फरक सगळ्यात मोठा, म्हणून निघताना कालनिर्णयाच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा येते, हे धरून पुढचा दिवस आखता येतो. शंख, प्रवाळ उचलून आणू नका. उंटवाले, बोटवाले मागे लागतील. हसून नको म्हणा आणि चालत राहा.

डियानीला जायचं तर लिकोनीची फेरीबोट. पायी माणसाला फुकट. मुंबई लोकलची गर्दी ज्यानं काढली त्याला ती जड जाणार नाही. फोन खिशात, पाकीट पुढच्या खिशात.

बांबुरीला हॅलर पार्क चुकवू नका. सिमेंटसाठी खणून ओसाड झालेली ही खाण १९७१ पासून रेने हॅलर यांनी पुन्हा हिरवी केली. आधी सुरूची झाडं लावली, मग त्यांच्या गळलेल्या सुया खाऊन माती करायला पैसा किडे सोडले, तेच, हात लावला की वेटोळं होणारे. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख बघत जगलेल्या आपल्या लोकांनी तर हे बघायलाच हवं. मुलांसाठी जिराफांना चारा घालणं आहे, आणि ओवेनची गोष्ट आहे. २००४ च्या त्सुनामीत कळपापासून तुटलेलं हे पाणघोड्याचं पिल्लू इथल्या म्झे नावाच्या म्हाताऱ्या कासवाच्या मागे-मागे फिरायचं.

खरेदीला बियाशारा स्ट्रीट. कांगा नावाची रंगीत सुती कापडं जोडीनं विकतात. तिथंच ओट्यावर शिंपी मशीन घेऊन बसलेले असतात, कापून काठ मारून देतात. प्रत्येक कांग्यावर एक ओळ छापलेली असते. कधी आशीर्वाद, कधी सवतीला किंवा शेजारणीला मारलेला टोमणा. दुकानदाराकडून ती समजून घेतल्याशिवाय विहीणबाईंसाठी घेऊ नका.